देखणं लिनक्स हवंय, पण ग्राफिक्स कार्ड रुसायला नको

खिडकीतला पारवा (शनिवार, सकाळी १०:१२)

मंडळी, बरेच महिने वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं पक्कं केलंय. अटी दोन. दिसायला सुरेख हवं. दिवसाचे आठ-दहा तास ज्या पडद्याकडे बघायचं, तो राखाडी डब्यांचा संसार नको. आणि ग्राफिक्स कार्ड नीट चाललं पाहिजे. ब्लेंडरमध्ये थोडंफार काम करतो, अधूनमधून एखादा गेम.

वर्षभरापूर्वी एकदा हात पोळून घेतलेत. एका व्हिडिओत बघून एनव्हिडिया कार्डाचा इन्स्टॉलर कंपनीच्या साइटवरून उतरवला, चालवला, तो विचारेल त्याला हो-नाही करत गेलो. झकास चाललं. दोन आठवड्यांनी अपडेट आलं आणि दुसऱ्या दिवशी काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. तासभर मी तिच्याकडे बघत होतो आणि ती माझ्याकडे. शेवटी विंडोज परत टाकलं.

तर यंदा कोणती डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कुठला तयार संच, घेऊ? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भुंगा (शनिवार, सकाळी १०:२०)

मिंट. धागा संपला.

जुनं खोड (शनिवार, दुपारी १२:४७)

भुंगा, एवढ्यात कुठे संपवता.

पारवा, आधी त्या काळ्या पडद्याचं बघू, कारण तो समजला नाही तर कुठलीही डिस्ट्रो घेतलीत तरी तो पुन्हा भेटेल. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा एक तुकडा कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आत बसतो, त्याला मॉड्युल म्हणतात. ते ज्या कर्नलसाठी बांधलं असेल त्याच कर्नलला चालतं. कर्नल बदलला की मॉड्युल नव्याने बांधावं लागतं. साइटवरचा इन्स्टॉलर मध्येच विचारतो की मॉड्युलची डीकेएमएसकडे नोंद करू का. तिथे हो म्हटलं तर प्रत्येक नव्या कर्नलबरोबर ते आपोआप बांधलं जातं. तुम्ही बहुधा नाही म्हणालात. अगदी शेवटी तो विचारतो की एक्सची (पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेची) कॉन्फिग फाइल बदलू का. तिथे बहुधा हो म्हणालात. म्हणजे नवा कर्नल आला, त्याच्यासाठी मॉड्युल नाही, आणि कॉन्फिग फाइल मात्र सांगतेय की चित्र एनव्हिडियाच काढणार. मग चित्र काढणार कोण? उरली लुकलुकणारी रेघ.

तेव्हा पहिला नियम: ड्रायव्हर नेहमी डिस्ट्रोच्याच भांडारातून, म्हणजे तिच्या स्वतःच्या पॅकेजांच्या साठ्यातून. साइटवरून कधीच नाही, व्हिडिओत कुणी कितीही आत्मविश्वासाने सांगत असलं तरी.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही विचारताय एक आणि तुम्हाला हव्यात दोन गोष्टी. देखणेपण डिस्ट्रोचं नसतं, डेस्कटॉपचं असतं, म्हणजे पॅनल, मेनू, खिडक्या या वरच्या आवरणाचं. केडीई प्लाझ्मा, ग्नोम, सिनॅमन, बजी, पँथिऑन, कॉस्मिक हे डेस्कटॉप. फेडोरा आणि आर्च या दोन डिस्ट्रो घ्या; फेडोरावरचा प्लाझ्मा आणि आर्चवरचा प्लाझ्मा शेजारी ठेवले तर वॉलपेपर सोडून फरक ओळखून दाखवा. कार्डाचं चालणं ड्रायव्हरवर, आणि कुठला ड्रायव्हर लागेल ते कार्डाच्या पिढीवर. डिस्ट्रो या दोघांचं लग्न लावून देते. ती निवडताना बघायचं ते इतकंच, की ड्रायव्हर आणि कर्नल किती ताजे देते, आणि काही बिनसलं तर मागे फिरायला वाट ठेवते का.

म्हणून आधी नेमकं कार्ड सांगा. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय चालवा (सगळी अक्षरं लहान, इंग्रजीत), 'व्हीजीए' किंवा 'थ्रीडी' लिहिलेल्या ओळी इथे टाका. विंडोजवर असाल तर डिव्हाइस मॅनेजर बघा.

कमांडर (शनिवार, दुपारी १:०५)

आर्च, वर डेस्कटॉपच्या जागी हायपरलँड. खिडक्या आपोआप फरशीसारख्या बसतात, कडा गोल, मागे धूसर काच. एकदा बघितलंत की बाकी सगळं म्हातारं वाटेल. स्क्रीनशॉट हवा असेल तर सांगा.

भुंगा (शनिवार, दुपारी १:०९)

कमांडर, तुमचा स्क्रीनशॉट आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. दर महिन्याला पाहतो. त्यात काम करतानाची एकही खिडकी कधी दिसली नाही.

खिडकीतला पारवा (शनिवार, दुपारी ३:३०)

जुनं खोड, दोन्ही अंदाज बरोबर. डीकेएमएस म्हणजे काय ते माहीत नव्हतं म्हणून नाही, आणि कॉन्फिग म्हणजे काहीतरी चांगलंच असेल म्हणून हो.

ओळी दोन आल्यात. एक इंटेल, दुसरी एनव्हिडिया आरटीएक्स ३०५०, लॅपटॉपची. दोन कार्डं कशी काय?

जुनं खोड (शनिवार, दुपारी ४:०२)

हायब्रिड. रोजचा पडदा इंटेल रंगवतं, जड काम आलं की एनव्हिडियाला उठवायचं आणि झालं की झोपवायचं. बॅटरीसाठी ही सोय. ३०५० म्हणजे अँपिअर पिढी, काळजी नको. ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठी एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये कर्नल मॉड्युलचा सोर्स खुला केला आणि आता तेच खुलं मॉड्युल पहिली पसंती म्हणून बसवलं जातं. बाकीचा ड्रायव्हर, म्हणजे थ्रीडी चित्रासाठीचे ओपनजीएल, व्हल्कन, कार्डावर गणितं करणारं क्युडा वगैरे, अजून बंदच आहे, त्याचा सोर्स खुला नाही.

फक्त एक करा. लाइव्ह यूएसबीवर (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून) सगळं लोण्यासारखं चाललं म्हणून हुरळून जाऊ नका. तिथे पडदा इंटेल रंगवत असतं. एनव्हिडियाची परीक्षा तिथे झालेलीच नसते.

मोरपीस (शनिवार, संध्याकाळी ६:१८)

देखणेपणावर अजून कुणीच बोललं नाही, म्हणजे पहिल्या अटीवरच. मी डिझाइनचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर.

ग्नोम आणि प्लाझ्मा या दोन वेगवेगळ्या वृत्ती आहेत. ग्नोम तुम्हाला सजवलेली खोली देतो आणि म्हणतो, खुर्च्या हलवू नका. खोली सुंदरच आहे. मोकळी जागा, ठसठशीत अक्षरं, टचपॅडवर तीन बोटं सरकवली की कार्यक्षेत्रं बोटांबरोबर सरकतात. ते सरकणं इतकं गुळगुळीत आहे की मी नुसतीच इकडून तिकडे करत बसायचे. पण थीम बदलायला जाल तर भिंत. २०२१ च्या अखेरीस आलेल्या लिबअद्वैता या रूप ठरवणाऱ्या लायब्ररीपासून ग्नोमची नवी अॅप्स जुन्या पद्धतीच्या थीम जुमानत नाहीत. डॉक, धूसर पॅनल वगैरे एक्स्टेन्शननी जमतं, पण दर सहा महिन्यांनी ग्नोमची नवी आवृत्ती येते आणि एखादं एक्स्टेन्शन लंगडतं.

प्लाझ्मा म्हणजे रिकामं घर आणि सामानाने भरलेला ट्रक. पॅनल कुठेही न्या, तरंगतं ठेवा, खिडकीच्या पट्टीवरची बटणं डावीकडे घ्या, अॅक्सेंटचा रंग वॉलपेपरवरून आपोआप उचलायला सांगा. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लाझ्मा ६ आला तेव्हापासून मुळातली ब्रीझ थीमसुद्धा पुरेशी छान आहे. माझा सल्ला, पहिला महिना काहीही बदलू नका. पॅनलची जाडी आणि फाँट एवढंच. नवखी माणसं पहिल्या रात्री तीन आयकॉनसंच, दोन थीम आणि एक पारदर्शक घड्याळ टाकतात आणि सकाळी म्हणतात, लिनक्स गबाळं दिसतं.

प्लाझ्माच्या ग्लोबल थीमबद्दल एक धोक्याची सूचना. त्या नुसते रंग नसतात, त्यातून स्क्रिप्टही चालू शकतात. मार्च २०२४ मध्ये अशा एका थीमने एकाच्या फाइली साफ पुसल्या आणि मग केडीईला, म्हणजे प्लाझ्मा बनवणाऱ्यांना, जाहीर इशारा द्यावा लागला. रंगसंच, आयकॉन, कर्सर सुटे सुटे घ्या. कुणा अनोळखी माणसाचा अख्खा पेटारा घरात घेऊ नका.

तिसरी गोष्ट, जी स्क्रीनशॉटमध्ये कधी दिसत नाही: स्केलिंग, म्हणजे अक्षरं-बटणं किती मोठी दाखवायची ते. लॅपटॉपचा पडदा बारीक पिक्सेलचा असेल तर १०० टक्क्यांवर अक्षरं मुंगीएवढी आणि २०० वर बटणं ताटाएवढी. १२५ किंवा १५० हवं असतं. वेलँड या पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेवर प्लाझ्मा हे सध्या सगळ्यांत स्वच्छ करतो, आणि बाहेरचा मॉनिटर जोडलात तर त्याचं स्केल वेगळं ठेवता येतं. जुन्या एक्स ११ मध्ये प्रत्येक पडद्याचं वेगळं गणित नीट जमतच नाही.

रच्याकने, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता फाँट टाकून घ्या. बाकी सगळं सुंदर आणि मराठी मजकूर कुठल्यातरी पडेल फाँटात, हे फार खुपतं.

सहज सुचलं (शनिवार, संध्याकाळी ७:०१)

दिसण्याचाच प्रश्न असेल तर डीपिन डेस्कटॉपला तोड नाही.

जुनं खोड (शनिवार, संध्याकाळी ७:२६)

दिसण्यात नाहीच. पण मे २०२५ मध्ये ओपनसुसे या डिस्ट्रोने डीपिन डेस्कटॉप आपल्या भांडारातून काढून टाकला. सुरक्षेची तपासणी न झालेले भाग पॅकेजिंगच्या आडवाटेने आत घेतल्याचं त्यांच्या सुरक्षा-गटाला आढळलं. नवख्या माणसाला मी तरी सुचवणार नाही.

बोरूबहाद्दर (शनिवार, रात्री ८:५५)

अवांतर: डेस्कटॉपचा घन आठवतो का कुणाला, ज्याच्या प्रत्येक बाजूवर एक पडदा असायचा? २००६ मध्ये कॉम्पिझ आलं, मग त्यातून बेरिल फुटलं, वर्षभरात दोघं पुन्हा एकत्र. खिडकी ओढली की जेलीसारखी थरथरायची. घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचो. कुणी विचारायचं, याचा उपयोग काय? मी पुन्हा घन फिरवायचो.

मोरपीस (शनिवार, रात्री ९:१०)

घन आहे अजून! मध्यंतरी काढला होता, प्लाझ्मा ६ बरोबर परत आला. थरथरत्या खिडक्या तर कधी गेल्याच नव्हत्या. सिस्टिम सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप इफेक्ट्स बघा.

बोरूबहाद्दर (शनिवार, रात्री ९:४२)

बघितलं. पाऊण तास गेला. धन्यवाद आणि शाप, दोन्ही घ्या.

मेसाभक्त (रविवार, सकाळी ८:३३)

सगळे एनव्हिडियावरच चाललेत म्हणून, पुढेमागे वाचणाऱ्यांसाठी एएमडीचं सांगतो. त्याचा ड्रायव्हर, एएमडीजीपीयू, २०१५ पासून कर्नलमध्येच आहे. ओपनजीएल आणि व्हल्कन मेसा या खुल्या ग्राफिक्स संचातून. वेगळं काही टाकायचं नाही, म्हणून लोक सांगतात, 'एएमडी घ्या, सुखी राहा.' बहुतांशी खरं. पण 'कर्नलमध्येच आहे' याचा व्यत्यास असा, की तुमचा कर्नल तुमच्या कार्डापेक्षा म्हातारा असेल तर त्यात काहीही नाही.

मी गेल्या वर्षी आरएक्स ९०७० बसवलं. कार्ड मार्च २०२५ चं, माझी डिस्ट्रो एलटीएस, म्हणजे दीर्घ सपोर्टच्या, पायावरची, कर्नल ६.८. डेस्कटॉप सुरू झाला, म्हणून मला वाटलं जमलं. पण खिडकी हलवली की मागे शेपूट राहायचं आणि पंखा प्रोसेसरचा गरगरायचा, कार्डाचा नाही. दोन दिवस थीमला दोष देत होतो. मग 'सिस्टिमबद्दल' उघडलं तर ग्राफिक्ससमोर लिहिलेलं: एलएलव्हीएमपाइप. म्हणजे कार्ड नुसतं शोभेला बसलेलं, आणि अख्खा पडदा प्रोसेसर हाताने रंगवतोय. चूक माझीच; पेटी उघडण्याआधी कर्नल बघायला हवा होता. नवा कर्नल आणि नवं मेसा आल्यावर तेच यंत्र असं पळालं की विचारू नका.

तेव्हा कुठल्याही कार्डावर पहिलं काम हे: 'सिस्टिमबद्दल' उघडा, ग्राफिक्सची ओळ वाचा. कार्डाचं नाव दिसलं तर पुढे चला. एलएलव्हीएमपाइप दिसलं तर थीमच्या नादी लागू नका.

आणखी एक. मोठ्या टीव्हीला एचडीएमआयने जोडून ४के १२० हर्ट्झची आशा असेल तर एएमडीच्या खुल्या ड्रायव्हरवर तिथे अडचण आहे. एचडीएमआय फोरमने फेब्रुवारी २०२४ मध्ये एचडीएमआय २.१ ची खुली अंमलबजावणी नाकारली. डिस्प्लेपोर्ट असलेला मॉनिटर असेल तर हा प्रश्नच येत नाही.

जुनी पाटी (रविवार, सकाळी ११:१५)

मी पण रांगेत. माझा संगणक विंडोज ११ च्या अटीत बसत नाही, आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कार्ड जीटीएक्स १०६०. माझ्यासाठी काही आहे, की मोडीत काढू?

जुनं खोड (रविवार, सकाळी ११:५०)

मोडीत कशाला? पण तुमचं कार्ड पास्कल पिढीचं, आणि तिथे मी पारव्यांना सांगितलेलं सगळं उलटं होतं. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा यांच्यासाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका. ५९० ने त्यांचा हात सोडला. आर्चने डिसेंबर २०२५ मध्ये मुख्य पॅकेज ५९० वर नेलं, तेव्हा जुन्या कार्डवाल्यांना एयूआरमधून, म्हणजे आर्चच्या वापरकर्त्यांनी चालवलेल्या साठ्यातून, ५८० वेगळं घ्यावं लागलं. खुल्या नूवो ड्रायव्हरवर विसंबावं तर पास्कलचा फर्मवेअर सहीबंद असल्याने नूवोला कार्डाचा वेग वाढवता येत नाही. ते सायकलच्या पहिल्या गिअरमध्येच अडकून राहतं.

म्हणून तुम्हाला सगळ्यांत ताजी नको, सगळ्यांत शांत हवी. लिनक्स मिंट २२ ची मालिका घ्या. उबुंटू २४.०४ वर उभी आहे, २०२९ पर्यंत सपोर्ट. ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तो ५८० सुचवेल, दाबा, रीस्टार्ट करा. इथे भुंगा बरोबर आहेत.

भुंगा (रविवार, सकाळी ११:५२)

'इथे' बरोबर म्हणे. आभारी आहे.

आता मी पण तोंड उघडतो. मिंटवर मी आठ वर्षं आहे ते आळसाने नाही. टाइमशिफ्ट त्यात आधीपासून असतं. ते सिस्टिमची स्थिती जतन करून ठेवतं; काही गडबड झाली की कालच्या स्थितीवर परत, दहा मिनिटांत. ड्रायव्हर टाकायला एकही कमांड लागत नाही. हायब्रिड लॅपटॉपसाठी खाली ट्रेमध्ये चिन्ह येतं, इंटेल, एनव्हिडिया की गरजेपुरतं ते तिथूनच ठरवता येतं. आणि मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप कुरूप नाही हो. मोरपीस, तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?

मोरपीस (रविवार, दुपारी १२:३०)

मागच्या महिन्यात पाहिलं, नीटनेटकं आहे, काहीच वाईट नाही. पण सिनॅमनचं रोजचं सत्र अजून एक्स ११ वर, वेलँड प्रायोगिक. पारव्यांचा पडदा बारीक पिक्सेलचा निघाला आणि शेजारी साधा मॉनिटर आला की तिथे तुम्ही त्यांना काय सांगणार?

भुंगा (रविवार, दुपारी १२:३४)

चष्मा घ्या.

मेसाभक्त (रविवार, दुपारी १:१०)

भुंगा, एक्स ११ चे दिवस भरत आलेत हेही खरं. फेडोराने आवृत्ती ४० मध्येच केडीईतून एक्स ११ चं सत्र वगळलं, उबुंटू २५.१० ने ग्नोममधून. प्लाझ्मा ६.८ पासून फक्त वेलँड, असं केडीईने जाहीर केलंय. जुनी अॅप्स वेलँडवरही एक्सवेलँड या पुलावरून चालतातच.

एनव्हिडियावर वेलँड लुकलुकतं ही तक्रार मात्र एकेकाळी रास्त होती. कार्डाने चौकट पूर्ण रंगवली की नाही हे डेस्कटॉपला पक्कं कळायचंच नाही. ओला रंग असतानाच चित्र भिंतीवर टांगल्यासारखं व्हायचं. २०२४ मध्ये ५५५ ड्रायव्हरमध्ये एक्स्प्लिसिट सिंक आलं आणि 'रंग सुकला, आता टांगा' असा निरोप नीट पोचू लागला. कुणी २०२२ चा लेख दाखवून घाबरवत असेल तर तारीख बघा.

निळी शाई (रविवार, रात्री ९:२०)

पारवा, माझ्याकडे ३०५० चंच भावंड आहे, ३०६०, तेही लॅपटॉपमध्ये. दीड वर्ष फेडोरा केडीई. तुमच्या दोन्ही अटींत बसतं, पण पहिली संध्याकाळ सांभाळा. माझी कशी गेली ते सांगते, म्हणजे तुमची तशी जाणार नाही.

फेडोरा बंद ड्रायव्हर स्वतः देत नाही, आरपीएम फ्यूजन हे बाहेरचं भांडार जोडावं लागतं. तिथून एकमॉड-एनव्हिडिया हे ड्रायव्हरचं पॅकेज घेतलं. टर्मिनल म्हणालं, पूर्ण. मी लगेच रीस्टार्ट केलं. हीच ती चूक! पॅकेज उतरलेलं असतं, पण मॉड्युल मागे गुपचूप बांधलं जात असतं, पाच मिनिटं तरी लागतात. पडद्यावर काहीच दिसत नाही. मी अर्धवट बांधलेलं घर सोडून निघाले. आता मी मॉडइन्फो या कमांडला एनव्हिडियाच्या मॉड्युलची आवृत्ती विचारते. आकडा दिसला की मगच रीस्टार्ट, तोवर 'सापडलं नाही' म्हणतं.

दुसऱ्यांदा मॉड्युल बांधलं गेलं, तरी कार्ड गप्प. कारण सिक्युअर बूट. ते चालू असताना कर्नल बिनसहीचं मॉड्युल आत घेत नाही. आपल्या यंत्रावर आपणच एक किल्ली बनवायची, मॉकयुटिल या कमांडने ती नोंदवायला सांगायची, एक तात्पुरता पासवर्ड द्यायचा. मग रीस्टार्ट झालं की विंडोजच्या आधीच्या जमान्यातला वाटावा असा निळा पडदा येतो आणि दहा सेकंद वाट बघतो. कुठलंही बटण दाबा, 'एनरोल एमओके', मग पासवर्ड. मी त्या दहा सेकंदांत पाणी प्यायला उठले होते. परत आले तर नेहमीचा डेस्कटॉप, आणि सगळं पहिल्यापासून.

पासवर्ड साध्या अक्षरांचा ठेवा. त्या पडद्यावर कीबोर्ड इंग्रजी, अमेरिकन मांडणीचा असतो, विशेष चिन्हं भलत्याच जागी जातात.

हे एकदाच. नंतर कर्नल किती वेळा बदलला ते मोजलंही नाही. आणि फेडोरा मागचे दोन कर्नल ठेवून देतं, म्हणजे वाईटात वाईट झालं तर सुरुवातीच्या यादीतून जुना निवडायचा.

काचेची बरणी (सोमवार, सकाळी ७:४८)

निळी शाईंच्या प्रतिसादात ब्लेंडरवाल्यांसाठी एक भर. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनाला एनव्हिडिया कार्ड वापरायला क्युडा किंवा ऑप्टिक्स लागतं आणि ते फक्त एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरबरोबर. आरपीएम फ्यूजनमध्ये क्युडाचं पॅकेज वेगळं आहे. ते राहिलं तर गेम धावतात, पण ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये कार्ड दिसतच नाही. मी एक अख्खा रेंडर प्रोसेसरवर काढला, कळलंच नाही.

व्हिडिओ एडिटिंग करणार असाल तर डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ या नेहमीच्या प्रकारातले व्हिडिओ उघडत नाही, हे आधीच माहीत असू द्या.

कमांडर (सोमवार, सकाळी ९:००)

हायपरलँडचे लोक एनव्हिडियाला अधिकृत सपोर्ट देत नाहीत, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. माझं चालतं. स्क्रीनशॉट मागे घेतोय.

खिडकीतला पारवा (बुधवार, रात्री १०:३५)

सगळे प्रतिसाद वाचले, निळी शाईंचा तर छापून भिंतीला लावला.

दोन संध्याकाळी लाइव्ह यूएसबीवर घालवल्या. मिंट, ग्नोमवालं फेडोरा, केडीईवालं फेडोरा, आणि पॉप ओएस या डिस्ट्रोची एनव्हिडिया ड्रायव्हर आत असलेली वेगळी आयएसओ (इन्स्टॉलची फाइल). पॉपचं सोपेपण फार आवडलं, नवखा असून कार्ड लाइव्हमध्येच चाललं. ग्नोमचं तीन बोटांचं सरकणं खरंच व्यसन लावणारं आहे. पण मला पॅनल वर हवं, तरी त्यात घड्याळ मधोमध नको, आणि त्यावर ग्नोमचं मत माझ्यापेक्षा ठाम निघालं. मिंटमध्ये १२५ टक्के केल्यावर अक्षरं किंचित धुरकट वाटली. भुंगा, चष्मा आहे मला, तरी.

केडीई. आज टाकलं. एकमॉड घातलं, टर्मिनल 'पूर्ण' म्हणालं, आणि मी हात मांडीखाली घेऊन बसलो. मॉडइन्फो विचारलं, नाही. पुन्हा, नाही. सहाव्या मिनिटाला आकडा आला. निळ्या पडद्यासमोर पाण्याची बाटली आधीच शेजारी ठेवली होती.

चाललं! ब्लेंडरमध्ये ऑप्टिक्सखाली कार्डाचं नाव दिसतंय. 'सिस्टिमबद्दल'मध्ये मात्र इंटेल लिहिलंय, त्याने दोन मिनिटं धडधड झाली, मग जुनं खोड यांचं हायब्रिडवालं आठवलं.

जुनं खोड (बुधवार, रात्री १०:५०)

उत्तम. रोजचा पडदा इंटेलवरच राहू दे. गेमला एनव्हिडिया हवं असेल तर मेनूत त्याच्या नोंदीच्या गुणधर्मांत जा, तिथे 'डेडिकेटेड ग्राफिक्स'ची खूण आहे.

खिडकीतला पारवा (शनिवार, दुपारी ४:१५)

धागा वर काढतोय, एकच खटकतंय. दिसायला सगळं मनासारखं झालं. पॅनल वर, अॅक्सेंट वॉलपेपरमधून, उजव्या कोपऱ्यात कार्डाचं तापमान दाखवणारं एक नाजूक गोल विजेट. पण बॅटरी विंडोजच्या निम्मी पण टिकत नाही. काहीच चालू नसताना पंखा हळूहळू फिरत असतो. ड्रायव्हर परत टाकू का?

मेसाभक्त (शनिवार, दुपारी ४:४०)

थांबा, काहीही परत टाकू नका. ते विजेट तापमान कुठून आणतं?

खिडकीतला पारवा (शनिवार, दुपारी ४:५८)

त्याच्या सेटिंगमध्ये एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची माहिती देणारी कमांड) लिहिलंय, दर दोन सेकंदांनी.

मेसाभक्त (शनिवार, दुपारी ५:०३)

तुमचं कार्ड रिकामं असताना पूर्ण झोपू शकतं. ते बिचारं डोळे मिटतंय, आणि हे विजेट दर दोन सेकंदांनी त्याला गदागदा हलवून विचारतंय, 'ताप आहे का?'

निळी शाई (शनिवार, दुपारी ५:०६)

😂😂

खिडकीतला पारवा (शनिवार, दुपारी ५:४०)

विजेट काढलं. मिनिटभरात पंखा थांबला, खोलीत एकदम शांत वाटलं. इंटेलचा आकडा कार्ड न जागवता दाखवणारं काही असेल तर सांगा, नाहीतर त्या कोपऱ्यात काय ठेवू? मोकळा फार दिसतो.

मोरपीस (शनिवार, संध्याकाळी ६:०२)

घड्याळ. सेकंदकाटा नसलेलं.